गोजरबाईंनी चूल पेटवली नाही

आमच्या वाडीत काडेपेट्या नव्हत्या असं नाही. घरोघरी कोनाड्यात एकेक असायची. पण आळीतल्या बायका सकाळी विस्तव न्यायला जायच्या त्या गोजरबाईंकडेच. त्यांच्या चुलीतले निखारे रात्री राखेखाली झोपायचे आणि पहाटे पहिल्या फुंकरीला डोळे उघडायचे. खापरावर एक निखारा घ्यायचा, पदराआड धरून घरी न्यायचा, की आपली चूल पेटली. "काडीनं पेटवलेल्या चुलीची भाकर कोरडी लागती," असं गोजरबाई म्हणायच्या. त्यांनी म्हटल्यावर ती कोरडी लागायचीच.

मी त्या वाडीत गेले ती मास्तरांची बायको म्हणून. माहेर नगरचं, वडील कोर्टात कारकून. सुप्याला एस.टी.तून उतरायचं आणि डोंगराकडे चालत सुटायचं, की माथ्यावर आमची वाडी. माझ्याकडे वातीचा स्टोव्ह होता. तरी महिन्याभरात मीसुद्धा खापर घेऊन गोजरबाईंच्या दारात उभी राहू लागले. त्या बाईला नाही म्हणणं जमत नसे, एवढंच.

उंच, हाडापेरानं मोठी बाई. चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या, फौजदार फेरीला निघावा तशा. सुतक कुणाला किती, बाळंतिणीच्या खोलीत कुणी जायचं, कोणत्या वारी केस धुवायचे, हे सगळं वाडी त्यांना विचारायची. आणि "असं का?" म्हटलं की उत्तर एकच, "आसंच हाय." त्यांचे यजमान भिमाजी. गरीब माणूस. मिशा तेवढ्या ऐटबाज. सगळा बाणा त्या मिशांत गेला होता, बाकीच्या देहात काही उरला नव्हता.

गोजरबाईंचा सगळ्यात पक्का नियम हा, की शिवेच्या आत मढं असेल तर ते उचलून, अग्नी देऊन, माणसं आंघोळी करून येईपर्यंत कुणाची चूल पेटायची नाही. हा काही त्यांनी काढलेला नियम नव्हे, गावोगाव पाळतात. पण इतर गावांत लहान पोरांसाठी मागच्या दारी कुणी गुपचूप दूध तापवून घेतं. आमच्याकडे गोजरबाई हात पाठीमागे बांधून, कौलांतून धूर निघतो का ते बघत फिरायच्या.

ह्या नियमांचा सगळा भार त्यांच्या मुलीवर पडला होता. चांगुणा. गुणी पोर, कामाला वाघ, पण बावीस ओलांडलं तरी लग्न जमलं नव्हतं. पहिलं स्थळ आलं ते नेमकं अमावास्येला. गोजरबाईंनी पाहुण्यांना शिवेवरच पाणी पाजून परत पाठवलं. दुसरे पाहुणे आले त्याच सकाळी आळीतले एक म्हातारे गेले. त्यांचा मुलगा पुण्याहून येईपर्यंत मढं ठेवलं होतं. पाहुणे चहावाचून बसून राहिले आणि अपमान झाला म्हणून तसेच उठून गेले. आता तिसरं स्थळ आलं होतं, कोल्हारचं. मुलाचं नाव कानिफनाथ, साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. चांगुणानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं.

"वैनी, मला मठ्ठा दोनदा वाढला त्यांनी. न मागता," ती मला म्हणाली. "ह्या खेपेला मोडलं ना, तर आयच्या नेमधर्माला हात जोडून मी आशीच ऱ्हानार. तिसऱ्याला नकार आला की चौथं कुनी येत न्हाई."

रविवारी कोल्हारची माणसं यायची होती. आणि शनिवारी संध्याकाळी ते नाटक लागलं.

आदल्या वर्षी पुण्याला टेलिव्हिजन दिसू लागला होता. आमच्या वाडीचा एक माणूस पुण्यात चांगला कमावता झाला होता, त्यानं एक संच गावाला दिला. तो ठेवला शाळेत, लाकडी पेटीत, पेटीला दारं आणि दारांना कुलूप. किल्ली ह्यांच्याकडे. वाडी उंचावर म्हणून चित्र यायचं, पण त्यासाठी दोन बांबू एकाला एक जोडून शाळेच्या कौलांवर ॲन्टेना उभारावी लागली होती. वारा सुटला की ती फिरायची, म्हणून बन्सीला वर बसवायचे. बन्सी म्हणजे रोजंदारीवर जाणारा एक मोठा मोकळ्या मनाचा गडी. गावाला चित्र दिसावं म्हणून तो कौलांवर बांबू धरून बसायचा आणि स्वतः त्याला कधी काही दिसायचं नाही.

खाली बसणाऱ्यांना शिस्त गोजरबाईंची. टीव्हीकडे पाय करायचे नाहीत. बातम्या देणारा 'नमस्कार' म्हणाला की उलट नमस्कार घालायचा. "त्यो येवढा लांबून आलाय," त्या म्हणायच्या.

नाटक होतं पुराचं. नदीकाठचं एक गाव, पाणी चढायला लागतं, लोक घरं सोडून निघतात. आमच्याकडे त्या उन्हाळ्यात विहिरींचे तळ दिसत होते आणि टँकर एक दिवसाआड यायचा. त्यामुळे पडद्यावर पाणी दिसल्याबरोबर सगळी वाडी सावरून बसली.

"आगं बाई, किती पानी!"

"आन समदं वाया चाललंय. कुनी आडवा की त्याला," भिमाजी कळवळून म्हणाले.

"पूर यायला बी नशीब लागतं," मागून एक बाई म्हणाली.

एका कोपऱ्यातून कुणीतरी बादलीनं पाणी मारत होतं, तेही स्पष्ट दिसत होतं. ते पाहून बायकांत हळहळ झाली. भरलेली बादली अशी भिंतीवर मारायची म्हणजे काय!

"दिसतंय का?" वरून बन्सी ओरडला.

"दिसतंय! पानी दिसतंय!"

"किती?"

"लई!"

"मंग मला बी बघू द्या की जरा!"

"तू हालू नगंस!" सगळे एका सुरात.

नाटकात एक म्हातारा होता. सगळे निघाले तरी तो गोठ्यातलं वासरू सोडायला माघारी गेला. गोजरबाई पुटपुटल्या, "बरुबर हाय त्याचं. दाव्याला बांधलेलं मुकं जनावर कसं टाकायचं?" पाणी वाढलं. वासरू आलं, म्हातारा आला नाही. मग पहाट झाली, आणि चांगुणा एकदम किंचाळली, "आगं आय, त्यो बघ! बाभळीला आडकलाय!"

आम्हा कुणाच्या आधी तिनं पाहिलं. खरंच म्हातारा झुडपाला अडकून पडला होता. लोकांनी त्याला काढला, अंगणात आणून निजवला, वर पांढरी चादर ओढली. म्हातारी येऊन उशाशी बसली. म्हातारीनं हात वर केला, तोंड उघडलं, आणि लाईट गेली.

बराच वेळ सगळे अंधारात तसेच बसून राहिले.

"काय झालं म्हाताऱ्याचं?" वरून बन्सी.

"मेला."

"आन मंग?"

"मंग लाईट गेली."

लाईट काही आली नाही. लोक पांगले. मी घरी येऊन कंदील लावते तोच चांगुणा दारात. चेहरा उतरलेला.

"वैनी, आयनं चुलीतलं निखारं भाईर काढलं."

"म्हणजे?"

"चूल इझवली. म्हन्ती, मढं उचलल्याबिगर पेटवायची न्हाई."

"कुणाचं मढं? कोण गेलं?"

"टीव्हीतलं."

मी हसले. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी पाहिलं आणि तशीच तिच्याबरोबर निघाले. गोजरबाई ओट्यावर बसल्या होत्या. समोर दगडावर निखारे काळे पडत होते. घरात उद्यासाठी आणलेला रवा, साखर, सगळं मांडून ठेवलेलं.

"गोजरबाई, अहो ते नाटक. तो मेलेला माणूस एव्हाना मुंबईत उठून, तोंड धुऊन चहा पीत असेल."

"त्यो उटला आसंल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मला येडी समजू नका, मास्तरीणबाई. सोंग घेनारा उटला. म्हातारा उटला का?"

मी दगडावरच्या निखाऱ्यांकडे पाहिलं.

"म्हातारा मेला. समद्या वाडीनं बघितला. आंगावर चादर घातली. म्होरं कुनी उचलला? तुमी बघितलं?"

"लाईट गेली ना."

"लाईट आपली गेली. त्यो हाय तसाच हाय."

तोवर हेही आले. ह्यांनी मास्तरकी सुरात समजावलं, "गोजरबाई, नगरला थिएटरात दर आठवड्याला माणसं मरतात. म्हणून नगरच्या चुली बंद असतात का?"

"थेटरातलं मढं थेटरात, गुरुजी. तिकीट काढून आपन त्याच्याकडं जातो. हा आपल्याकडं आला. शिवेच्या आत. तुमच्या शाळंत." आणि थोडं थांबून म्हणाल्या, "किल्ली बी तुमच्याकडंच हाय."

हे कंदील घेऊन, त्यांना सोबत घेऊन शाळेत गेले. पेटी दाखवली. "बघा, आहे का काही?" गोजरबाई बंद दारांकडे बघत राहिल्या. ह्यांनी कुलूप काढून दारं उघडली. काळी काच. "आंधार हाय आत. आंधारात काय कळतंय?" त्या म्हणाल्या, काचेला हात जोडले आणि घरी गेल्या.

मी परत येऊन स्टोव्हला काडी लावायला घेतली. काडी ओढली, पेटली, बोटापर्यंत आली आणि मी ती फुंकून टाकली. ह्यांना दहीपोहे दिले.

"तूसुद्धा?" हे म्हणाले.

"मला काही नाही हो वाटत. पण उगाच कशाला?"

देवापुढे मात्र निरांजन लावलं आणि म्हटलं, देवा, त्या म्हाताऱ्याला लवकर उचलू दे, आणि पोरीचं जमू दे. काय मागतेय हे मागून झाल्यावर लक्षात आलं. पण मागितलेलं परत कसं घ्यायचं?

रविवारी सकाळी आमच्या आळीतून धुराची एक रेघ उठली नाही. गोजरबाईंकडून विस्तव नाही म्हटल्यावर कुणी काडी ओढायला धजेना. लाईट नव्हतीच. तार तुटली होती म्हणे, आणि वायरमनची सुट्टी.

पाहुणे दुपारच्या आत आले. मुलाची आई भागूबाई, मामा सहादेव आणि स्वतः कानिफनाथ. भागूबाई विधवा, अंगानं किरकोळ, पण नजर अशी की समोरच्यानं पदर नीट करावा. मामा जाडजूड, बोलघेवडे, सुप्यापासून चालून घामाघूम. मुलगा देखणा नव्हता, पण डोळ्यांत सरळपणा होता.

पाणी दिलं. मग काहीच येईना. मामांनी दोनदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

भिमाजींनी पहाटेच सायकल काढली होती. गोजरबाईंच्या नियमात एक फट त्यांनी शोधली होती. परगावच्या चुलीला आपलं मढं लागत नाही. म्हणून ते सुप्याच्या स्टँडवरच्या हॉटेलातून किटलीभर चहा घेऊन आले. चढावर सायकल हातात धरून आणेपर्यंत चहा थंडगार. आणि तापवायचा कुठे?

चांगुणा खाली मान घालून कप घेऊन आली. मामांनी घोट घेतला आणि भिंतीकडे बघितलं.

"सरबत हाय का?" त्यांनी विचारलं.

"च्या हाय," भिमाजी म्हणाले.

भागूबाईंनी कप खाली ठेवला. "चूल न्हाई पेटली तुमच्याकडं. येताना बघितलं, साऱ्या आळीत धूर न्हाई. कोन गेलं?"

भिमाजींनी मिशीला हात लावला आणि काढून घेतला. चांगुणा दाराला टेकली. मी मनात रामरक्षा सुरू केली. गोजरबाई मात्र पदर सावरून म्हणाल्या, "म्हातारा गेलाय एक. टीव्हीत. काल सांच्याला. आजून उचलला न्हाई."

मामा हसायला लागले. असे हसले की कप लवंडला. "आक्का, हे बघ! आगं खोक्यातलं मानूस ते! खोक्यातल्या मढ्यापायी आमाला गार च्या! चल उठ, पुढची गाडी गावंल."

कानिफनाथ उठला नाही. त्यानं आईकडे पाहिलं. आणि भागूबाई म्हणाल्या, "बस रं सहादेवा." मग गोजरबाईंकडे वळून, "कशानं गेला?"

"पुरानं."

त्या एका शब्दावर त्यांचा चेहरा बदलला. प्रवरेच्या काठचं माणूस ते. "पुरानं? नीट सांगा."

मग काय विचारता! सगळे एकदम बोलायला लागले. ओट्यावर आळी जमलीच होती. पाणी कसं चढलं, वासरू कसं सुटलं, बाभळ कुठे होती. भागूबाई मधून मधून विचारत होत्या. म्हातारा पोहणारा होता का? मुलगा होता का?

"मुंबईला हुता," कुणीतरी सांगितलं.

"मंग त्याच्यासाठी ठिवलं आसंल मढं."

"पूर आलेला. गाडी कुटली यायला त्याला?" गोजरबाई म्हणाल्या.

"ते बी खरं." भागूबाई विचारात पडल्या. "आमच्या काठावर पुराचं मढं लागतं कधीमधी. वरच्या अंगानं कुटून येतं, कुनाचं, ठावं नसतं. म्हनून आमच्याकडं रीत हाय. ज्याच्या नजरंला आधी पडलं, त्याच्या घरानं उचलायचं. सुतक न्हाई, दहावं न्हाई. आग्नी दिऊन आंघोळ केली की मोकळं." त्यांनी ओट्यावर नजर फिरवली. "आधी कुनी बघितला?"

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"म्या," चांगुणा म्हणाली.

भागूबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "नजर चांगली हाय. पोरीच्या जातीनं आग्नी न्हाई द्यायचा. बाप हाय की."

"मी?" भिमाजींचा हात थेट मिशीवर गेला. "म्हंजी... हे काढावं लागंल?"

दोन्ही बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हा प्रश्न मोठा होता. मिनिटभर कुजबुज झाली. "सगा न्हाई," भागूबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या." भिमाजींनी श्वास सोडला तो मला माजघरात ऐकू आला.

मढं नव्हतंच, तेव्हा कडब्याची एक पेंढी घेतली आणि तिला भिमाजींचं जुनं धोतर नेसवलं. नात्यातलं माणूस हाती लागलं नाही, परदेशी गेलं, तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात हे मी माहेरी ऐकलं होतं. तेव्हा मलाही ते अगदीच अधर्माचं वाटलं नाही. अडचण आली ती बांबूंची. तिरडीला दोन बांबू लागतात, आणि त्या उन्हाळ्यात वाडीत बांबू म्हणून उभे होते ते एकाच जागी.

"नाही," हे म्हणाले. "ते पंचायतीचे आहेत."

"टीव्हीतल्या मानसाला टीव्हीचंच बांबू गेलं, त्यात पंचायतीचं काय गेलं?" बन्सी म्हणाला आणि कौलांवर चढला. त्याच्या हालचालीत जरा जास्तच उत्साह होता. कितीतरी संध्याकाळी धरून बसलेले ते बांबू त्यानं गाठ सोडून सुटे केले आणि खाली टाकले. दोनच निघाले. हे शाळेच्या पायरीवर डोकं धरून बसले, कारण तिरडीचे बांबू परत आणायचे नसतात.

आता विस्तव. मडक्यात घरचा विस्तव न्यायचा असतो. घरी चूल पेटलेली हवी, आणि मढं उचलल्याशिवाय चूल पेटवायची नाही! काडीनं पेटवणं गोजरबाईंच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात सहादेवमामांनी कंटाळून खिशातून विडी काढून शिलगावली. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काय?" मामा म्हणाले.

"ती विडी द्या," भागूबाई म्हणाल्या. "परगावचा इस्तू हाय. चालतो."

अशा रीतीनं म्हाताऱ्याचा अग्नी मामांच्या विडीवरून मडक्यातल्या शेणकुटाला लागला. मडकं धरून पुढे भिमाजी. खांदेकऱ्यांत एक बन्सी, दोन आळीतले, आणि चौथा कमी पडला तेव्हा कानिफनाथनं पायातल्या वहाणा काढल्या आणि काही न बोलता खांदा दिला. चांगुणा दाराआडून बघत होती.

"कुनी रडायला नगं का?" गोजरबाई म्हणाल्या. "आसं मुकं न्ह्यायचं का त्याला?"

सांगून कुणाला रडू येतं? बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघायला लागल्या, एकीला हसू फुटलं. मग भागूबाईंनीच सूर काढला. "वासरासाठी गेलास रं बाबा!" त्या बाईंचा आवाज असा होता की हसणारी गप्प झाली. वाडीतली किती जनावरं त्या आधीच्या दुष्काळात छावणीला गेली आणि आलीच नाहीत. कोण कशासाठी रडत होतं ते देव जाणे, पण वेस ओलांडेपर्यंत रडणं चाललं होतं. मामासुद्धा मागून चालताना नाक पुसत होते.

कोरड्या ओढ्यात कडबा भडभड पेटला आणि क्षणात संपला. माणसं परत आली ती शिवेवर, आम्ही बायका वाट बघत होतो तिथेच थांबली. आंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही.

आणि पाणी नव्हतं.

टँकर दुसऱ्या दिवशीचा. घरोघरी रांजणात पिण्यापुरतं. पुरानं मेलेल्या माणसाला पोचवून आलेली सगळी वाडी अंगावर घ्यायला तांब्याभर पाणी नाही म्हणून उन्हात उभी. मामा घड्याळ बघत होते. सुप्याहून नगरची गाडी चुकली असती तर पुढे कोल्हारला पोचायची सोय नव्हती. आणि पाहुणे असे उपाशी, हिरमुसून परत गेले असते तर संपलंच. चांगुणा माझा हात धरून उभी होती, तिची नखं मला लागत होती.

"सोन्याचं पानी शिंपडलं तरी चालतं," गोजरबाई म्हणाल्या. "तांब्यात सोनं बुडवायचं, आन समद्यांवर शिंपडायचं. पर सोनं पायजे."

त्यांच्या स्वतःच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. आळीतल्या बहुतेकींचं तसंच. माझ्या मंगळसूत्राला दोन वाट्या होत्या, मी पुढे झाले. "सवाष्णीचं न्हाई बुडवायचं मढ्याच्या पान्यात," म्हणून गोजरबाईंनी मला मागे सारलं.

मग भागूबाईंनी कमरेचा बटवा सोडला. आतून एक चिंधी काढली, चिंधीतून एक बारीकशी सोन्याची अंगठी. नवी कोरी.

"आक्का, आगं ही तर..." मामा म्हणाले.

"गप," भागूबाई म्हणाल्या आणि अंगठी तांब्यात टाकली.

गोजरबाईंनी तुळशीच्या डहाळीनं सगळ्यांवर पाणी शिंपडलं. भिमाजींवर, खांदेकऱ्यांवर, मामांवर, ह्यांच्यावर, माझ्यावर. मग हात जोडून म्हणाल्या, "सुटला गं बाई," आणि लगबगीनं घरी गेल्या. थोड्याच वेळात रवा भाजल्याचा वास आळीभर पसरला. मीही घरी जाऊन दूध तापवलं आणि परत आले, तो पाहुणे शिरा खाऊन उठायच्या बेतात होते. तांब्या मधोमध तसाच ठेवलेला.

"तुमची आंगठी ऱ्हायली तांब्यात," गोजरबाई म्हणाल्या.

"माझी न्हाई ती," भागूबाई म्हणाल्या. "पोरगी पसंत पडली तर घालायची म्हनून आनली हुती."

भिमाजींचा घास हातातच राहिला. आणि मी बघत होते गोजरबाईंकडे. त्यांचा चेहरा उजळला, आणि उजळता उजळता पडला. त्या बाईच्या जिवाला काय झालं असेल ते मी समजू शकते. हात मागे बांधून त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्या कष्टानं म्हणाल्या, "आज न्हाई बोलता यायचं. मढं गेलं त्या दिशी शुभ बोलू ने."

"आगं ए!" भिमाजी जन्मात पहिल्यांदा ओरडले.

चांगुणानं डोळे मिटून घेतले. मामा पिशवी उचलून उभे राहिले. आणि भागूबाई सावकाश म्हणाल्या, "बरुबर हाय. आमच्यात बी बोलत न्हाईत." एवढं बोलून त्यांनी तांब्या उचलला, आणि कुणाकडेही न बघता चांगुणापुढे धरला.

चांगुणा क्षणभर तांब्याकडे बघत राहिली. मग तिनं त्या निमुळत्या तोंडात हात घातला. तांब्या खळखळला. हात बाहेर आला तेव्हा अंगठी बोटात होती आणि मनगटावरून पाणी गळत होतं. कानिफनाथ जमिनीकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. चांगुणा वाकली, भागूबाईंच्या पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. ओठ हलले, आवाज नाही.

बन्सीनं तोंड उघडलं, तोच भिमाजींनी त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

"म्हंजी... जमलं का न्हाई?" मामांनी विचारलं.

"गप बसा!" दोघी विहिणी एकदम म्हणाल्या.

पाहुणे सुप्याच्या वाटेला लागले. गोजरबाई त्यांच्या मागोमाग शिवेपर्यंत गेल्या, एक अक्षर न बोलता, आणि गाडी पकडायला ती तिघं उतारावरून पळत सुटली तेव्हा पदरानं डोळे पुसत माघारी आल्या. सहादेवमामांना खरं काय ठरलं ते नगरच्या स्टँडवर गाडी बदलताना कळलं म्हणे. तिथे, परगावी मढं लागत नाही म्हणून, भागूबाईंनी त्यांना पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं, आणि वर पेढेही त्यांनाच आणायला लावले.